दोन फ्री थ्रो

"एकोणचाळीस नंबर येतेय," अर्लीन म्हणाली आणि तिने पर्सचा पट्टा खांद्यावर चढवला.

कॉर्टेझने मान वर केली. दुपारच्या उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. पार लांब, टायरच्या दुकानापाशी, सिग्नलला एक बस उभी होती. तिच्या कपाळावरचा नंबर त्याला स्वतःला डोळे बारीक केल्याशिवाय दिसेना. बस जवळ आली, थांबली, दार उघडलं. एकोणचाळीसच होती. आई पायऱ्या चढली, ड्रायव्हरला तब्येत विचारून पुढच्या बाकावर जाऊन बसली, आणि तो मात्र एक पाय पायरीवर ठेवून तसाच उभा राहिला. चढतोस का राहतोस, असं ड्रायव्हरने विचारलं तेव्हा तो भानावर आला. सहा फूट नऊ इंचांचा देह दारातून वाकवून आत घेताना त्याला जाणवलं की आईने नंबर आपल्याआधी वाचला, आणि त्याचा विचार आपल्याला करायचा नाहीये.

बसचा नंबर सांगणं हे त्याचं काम होतं. सहा वर्षांचा असल्यापासून. "कुठली आहे रे?" ती विचारायची, आणि तो तिच्या कोटाला धरून सांगायचा. अर्लीन पुलियमच्या डोळ्यांत तिशीच्या आतच मोतीबिंदू धरला होता. आधी एकात, मग दोन्हींत. हॉस्पिटलच्या धोबीखात्यात ती चादरी घड्या करायची, ते काम हातांनाच पाठ होतं, त्याला डोळे लागत नव्हते. चर्चमधली गाणीही पाठ होती. राहिलं काय तर बस. एकदा, आठ वर्षांचा असताना, दात काढायला जायचं नव्हतं म्हणून त्याने मुद्दाम चुकीचा नंबर सांगितला. दोघं मेम्फिसच्या दुसऱ्या टोकाला, नदीकाठच्या गोदामांपाशी जाऊन पोचले. तिने ड्रायव्हरला चार शब्द सुनावले. त्याचा हात धरून म्हणाली, माझ्या पोराचे डोळे चांगले आहेत, तुमचीच पाटी चुकली असणार. तो काही बोलला नाही. ते न बोलणं आज, बारा वर्षांनी, बसच्या गार हवेत त्याच्या अंगावर काटा आणून गेलं.

ऑपरेशन झालं हे त्याला माहीत होतंच. डिसेंबरात एक डोळा, जानेवारीत दुसरा. तो तेव्हा कॉलेजच्या वसतिगृहात होता, बास्केटबॉलचे सामने ऐन भरात होते. तिने फोनवर सांगितलं, चर्चच्या बायकांनी पैसे जमवून केलं. त्याने देवाचे आभार मानले आणि सरावाला गेला. त्यानंतर एकदाही त्याने विचारलं नाही की कुठे केलं, कोणी नेलं, किती दिवस पट्टी होती. एवढा काही तो बेफिकीर मुलगा नव्हता. तिच्या गुडघ्याचं मलम संपलं तर त्याला कळायचं. मग हेच का नाही विचारलं? कारण जानेवारीतच, दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटायच्या आधी, एल्रॉयच्या सलूनमध्ये एका माणसाने त्याला विचारलं होतं, "आईचे डोळे कसे आहेत आता?" आणि कॉर्टेझने तोवर ते कोणालाच सांगितलेलं नव्हतं. तो माणूस म्हणजे फेंटन. मऊ बोलणारा, मऊ बुटांचा, प्रत्येक मोठ्या सामन्याला तिसऱ्या रांगेत असणारा. तो कोणाचं काम करतो हे सलूनमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि मोठ्याने कोणी म्हणत नव्हतं. अटलांटात खेळाडूंचे करार करून देणारा एक एजंट होता, त्याच्यासाठी फेंटन पोरं हेरत असे. कॉर्टेझ तेव्हा म्हणाला, "बरे आहेत," आणि खुर्चीत जाऊन बसला. एल्रॉयने मानेभोवती कापड बांधलं. कापड जरा घट्टच बसलं होतं, हे त्याला अजून आठवत होतं.

आज कॉलेजच्या कचेरीत जायचं होतं ते एका कागदासाठी. एप्रिलमध्ये, तिसरं वर्ष संपता संपता, कॉर्टेझने व्यावसायिक लीगच्या निवडीसाठी नाव दिलं होतं. जूनअखेर क्लब एकेक करून पोरं उचलतात. शेवटचं वर्ष न खेळता लवकर जायचं असेल तर नाव द्यायचं, आणि विचार बदलला तर ठरल्या दिवशी परत घ्यायचं. तो दिवस म्हणजे आजचा, वेळ पाच वाजेपर्यंतची. परत घेतलं तर शेवटच्या वर्षासाठी संघ, खोली, शिक्षण, सगळं जसंच्या तसं. अट एकच: खेळाडूने किंवा त्याच्या घरच्यांनी कुठल्या एजंटकडून काहीही घेतलेलं नसावं. जेवण नाही, बूट नाही, गाडीतून नेणं-आणणंसुद्धा नाही. या कॉलेजात तर त्या कागदावर मुलाबरोबर घरच्यांचीही सही लागे, दोघांना वेगवेगळं विचारून. म्हणून अर्लीनने अर्धा दिवस रजा टाकली होती, आणि रविवारचा निळा झगा घातला होता.

परत यायचं हे त्याचं ठरलं होतं. कोच हॅडलीही तेच म्हणत होते. अजून एक वर्ष थांबलास तर पहिल्या वीसांत जाशील, आत्ता गेलास तर शेवटी शेवटी कोणी घेतलं तर घेतलं. सलूनचं मत बरोबर उलटं. एल्रॉय वस्तरा हवेत धरून म्हणायचा, "गुडघा काय लिहून देतो का रे तुला, की पुढल्या जूनपर्यंत टिकतो म्हणून? तो हॅडली स्वतःची नोकरी वाचवतोय. तू झाडावर पिकलेलं फळ आहेस, सडशील." बाकीचे माना डोलवायचे. त्यांच्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात सांधेदुखीपलीकडे कुठल्या गुडघ्याचा विचार केला नव्हता, पण कॉर्टेझच्या गुडघ्याबद्दल प्रत्येकाला बोलायचं असे. आणि कॉर्टेझ हसायचा, कारण खरं कारण यांतलं कुठलंच नव्हतं. खरं कारण एवढंच होतं की त्याला भीती वाटत होती.

मागच्या महिन्यात शिकागोला क्लबांच्या लोकांसमोर खेळायला बोलावलं होतं. खेळायच्या आधी मोजमाप. फक्त चड्डीवर उभं केलं. तीसेक माणसं वह्या घेऊन बसली होती. एकाने हात वर करायला सांगून बोटांच्या टोकापर्यंत उंची घेतली, एकाने पंजा पसरून इंचांत मोजला, एकाने पाठ वळवायला लावली. आकडे मोठ्याने वाचले जात होते आणि वह्यांत उतरत होते. कोणी वाईट वागलं नाही, उलट एकाने पाणी दिलं. तरी तिथे उभं असताना त्याच्या मनात गुलामांच्या बाजाराची एक गोष्ट आली, जी सलूनमधल्या म्हाताऱ्यांना सांगितली असती तर त्यांनी कात्री खाली ठेवली असती. त्याने ती कोणाला सांगितली नाही. दुपारी खेळताना त्याला अडवायला एक पस्तिशीचा माणूस होता, जबड्याला पांढरे खुंट आलेला, जागेसाठी झगडणारा. त्याने कमरेने असा काही रेटा दिला की कॉर्टेझ रेषेबाहेर जाऊन पडला. उठवायला हात देताना तो माणूस हळूच, अगदी मायेने म्हणाला, "शाळेत जा बाळ. माझ्या घरी तीन पोरं आहेत." त्या रात्री हॉटेलच्या पलंगावर पाय मावत नव्हते तेव्हा त्याला वसतिगृहातली खोली आठवली. तिथल्या पलंगाला कॉलेजच्या सुताराने त्याच्यासाठी पायथ्याशी एक लाकडी खोका जोडून दिला होता. त्या खोक्यासाठी त्याला रडू आलं. वीस वर्षांच्या माणसाने कोणाला सांगावं हे?

बस रेल्वेच्या पुलाखालून गेली. अर्लीन खिडकीला नाक लावून बसली होती आणि दुकानांच्या पाट्या वाचत होती. पुटपुटत, एखादं पोर नुकतं वाचायला शिकतं तशी. "विग. मासे. जामीन मिळेल. परत विग." मग त्याच्याकडे वळून म्हणाली, "एवढे विग कोण घालतं रे या गावात?" तो हसला. हसता हसता तिच्या डोळ्यांकडे बघणं त्याने टाळलं. जानेवारीपासून तो ते टाळतच होता. आधी त्या डोळ्यांवर दुधासारखी साय होती आणि त्या सायीच्या अलीकडे तो मोकळा होता. शाळेच्या, मग कॉलेजच्या सामन्यांना ती यायची, सगळ्यात वरच्या रांगेत बसायची, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले की वाजवायची. कधीकधी चुकून दुसऱ्या संघासाठीही. घरी जाताना विचारायची, "शेवटचा गेला का?" "गेला," तो सांगायचा. गेला असो वा नसो. तिच्या लेखी तिचा पोरगा एकही फ्री थ्रो, रेषेवरून कोणी न अडवता टाकायचा चेंडू, कधी चुकलेला नव्हता. आणि गंमत अशी की ते सांगता सांगता तो खरंच कमी चुकायला लागला. रेषेवर उभा राहिला की त्याला वर, अंधूक उजेडात, काहीच न दिसणारी आपली आई बसलीय हे माहीत असायचं. हात हलके व्हायचे. चेंडू जायचा.

मग मार्च आला. देशभरच्या कॉलेजांचे बाद फेरीचे सामने, सगळं शहर टीव्हीपुढे. एका गुणाने मागे, चार सेकंद शिल्लक, आणि कॉर्टेझला दोन फ्री थ्रो. त्याने सवयीने वर पाहिलं. वीस हजार माणसं हात हलवत होती, किंचाळत होती. त्यांत निळ्या झग्यातली एकच बाई अजिबात हलत नव्हती. ती बघत होती. इतक्या लांबून तिचे डोळे दिसणं शक्य नव्हतं, तरी त्याला ते दिसले, साय निघालेले, काळेभोर, थेट त्याच्या हातांवर. पहिला कड्यावर आपटून बाहेर गेला. दुसरा कड्यालाही लागला नाही. पेपरांनी लिहिलं, थकवा. कोच म्हणाले, नशीब. सलूनमध्ये आठवडाभर त्याला कोणी काही बोललं नाही आणि ते फार वाईट होतं. त्या दिवशी घरी जाताना अर्लीनने पहिल्यांदाच विचारलं नाही, गेला का म्हणून.

"इथे," अर्लीन एकदम म्हणाली. बस वळणावर थांबली होती. डावीकडे काचेची दुमजली इमारत, पुढे हिरवळ कापणारा माणूस, दारात छत्री धरून गाडीपर्यंत सोडायला एक नोकर. "इथेच केले माझे डोळे. आत कारंजं आहे." आपण काय बोललो हे तिच्याही लक्षात आलं. चर्चच्या बायका वर्षभर मासे तळून विकतात तेव्हा कुठे चर्चच्या छपराला डांबर लागतं. कारंजं असलेल्या दवाखान्यात त्यांनी कोणाला नेलं नसतं.

बस सुटली. विचारलं नाही तर कागदावर सही करता येईल, त्याच्या मनात आलं. कागदावर एवढंच लिहिलेलं असतं की माझ्या माहितीप्रमाणे नाही. माहितीच नसली तर ते खोटं कसं? चार थांबे राहिले होते. चार थांबे तोंड मिटून बसायचं, एवढंच काम. आणि त्याच्याच कानांना आपला आवाज परका वाटावा तसं तो म्हणाला, "आई, फेंटनने केलं ना?"

ती पुढेच बघत राहिली. "आपल्या चर्चच्या डीकन ओडमबरोबर आला होता," ती म्हणाली. "नोव्हेंबरात. म्हणाला, चर्चचा मित्र आहे."

"आणि तुला खरं वाटलं."

"मला दिसत नव्हतं, टेझ. ऐकू येत होतं." तिने पर्स मांडीवर सरळ केली. "चर्चच्या कुठल्या मित्राला तुझ्या हातांची लांबी पाठ असते? तो दारातून आत आला तेव्हाच मला कळलं कोण आहे ते. दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, मिस अर्लीन, तुमच्या मुलाला खेळताना एकदा तरी बघायचं नाही का तुम्हाला."

"बघायचं होतं मला," ती म्हणाली. "चूक झाली म्हण, काहीही म्हण. बारा वर्षं टाळ्या वाजवल्या मी. कशाला वाजवतेय ते एकदा बघायचं होतं." मग आवाज उतरवून, "सही मी करते. खोटं माझ्या नावावर जाऊ दे. म्हाताऱ्या बाईला कोण विचारायला येतंय. तू तुझ्या खोलीत परत जा."

ती बेचाळीस वर्षांची होती. म्हातारी म्हणवून घेण्याइतकी घाई तिला कधीपासून झाली, हे त्याला कळेना. तिच्यावर चिडावं असं त्याला वाटत होतं आणि चीड जमत नव्हती, तिच्या जागी पुन्हापुन्हा भीतीच येत होती. सही केली तर खोली परत, खोका परत, आणि फेंटन तिसऱ्या रांगेत. वर्षभर तो मऊ आवाजात आईच्या डोळ्यांची चौकशी करत राहणार. आणि एखाद्या दिवशी कोणी बोललं तर? कचेरीबाहेरच्या भिंतीवर यंदाच्या संघाचा फोटो लागला होता, पंधरा पोरं, हसणारी. कोणीतरी शिडी आणून तो उतरवेल. तो नियम मोडून खेळला म्हणून जिंकलेले सामने न खेळल्यात जमा होतील. आत्ताच खरं सांगितलं तरी तेच, फक्त उद्याच. आणि सही केली नाही, तर शिकागोची ती माणसं, त्या वह्या, तो पांढऱ्या खुंटांचा माणूस. तिन्ही दारांमागे कोणीतरी उभं होतं.

कचेरी व्यायामशाळेच्याच इमारतीत होती. लांब बोळाच्या शेवटी काचेचं दार. बोळाच्या दुसऱ्या टोकाला, संघांच्या फोटोंखाली, बाक. आधी मुलाला एकट्याला आत घेत. अर्लीन बाकावर बसली आणि तो बोळातून चालत गेला. मिसेस ब्रॅनन ही चष्म्याला साखळी लावणारी, सगळ्या खेळाडूंच्या वाढदिवसांना दात शिवशिवतील इतका गोड केक करणारी बाई. तिने कागद पुढे सरकवला, वर पेन ठेवलं. प्रश्न तिला तोंडपाठ होता. तिने तो कपाटाकडे बघत विचारला: तुम्ही किंवा तुमच्या घरच्यांनी, तुमच्या माहितीप्रमाणे, वगैरे. कॉर्टेझने पेन उचललं. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. पेन हलकं होतं, त्याचा पंजा त्या पेनासाठी फार मोठा होता, साडेदहा इंच, शिकागोला मोजलेला. त्याने मान वर करून काचेतून पाहिलं. बोळाच्या पार शेवटी निळा झगा होता. ती नेहमीसारखी पाठ ताठ करून बसली होती आणि बघत होती. आठ वर्षांच्या पोराने चुकीचा नंबर सांगावा आणि तिने ड्रायव्हरशी भांडावं, हे आता पुन्हा व्हायचं नव्हतं. तिला नंबर दिसत होता.

त्याने पेन कागदावर आडवं ठेवलं आणि दोन्ही परत सरकवली. "नाव राहू दे, मॅडम," तो म्हणाला. "मी जातोय."

मिसेस ब्रॅनन बघत राहिली. तिने काचेतून बोळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. एकवीस वर्षं हा प्रश्न विचारणाऱ्या बाईला उत्तर न देणारे चेहरे चांगले वाचता येत असावेत. "कोचना ठाऊक आहे?" तिने विचारलं. तो नाही म्हणाला. का, असं ती विचारणार होती, तोंड उघडलंही होतं. मग तिने पेनाला टोपण लावलं आणि कागद खणात टाकला. त्याने पूर्ण खरं सांगितलं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. भिंतीवरची पोरं हसत राहिली, तेवढंच त्याच्या हातून झालं.

बाहेर आल्यावर तो बाकापर्यंत पोचण्याआधीच भिंतीला टेकला. अर्लीन उठून आली. "पेन परत दिलंस," ती म्हणाली. "इथून दिसलं मला."

"आई, मला भीती वाटते."

"तेही दिसलं."

त्याला वाटलं आता ती समजूत घालेल, देवाचं नाव काढेल. तिने ते केलं नाही. तिने शेजारचं जाड दार ढकललं. आत कोर्ट रिकामं होतं, उन्हाळ्यामुळे अर्धेच दिवे लागले होते, लाकडाला पॉलिशचा वास येत होता. तिला काय हवंय हे त्याला कळलं आणि नको म्हणायला त्याने तोंड उघडलं. पण ती पायऱ्या चढायला लागलीसुद्धा होती, कठड्याला हात न लावता, एकेक रांग, पार वरच्या रांगेपर्यंत. तिथे ती आपल्या जुन्या जागी बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

कोपऱ्यातल्या जाळीत चेंडू होते. त्याने एक घेतला, रेषेवर गेला. कड्याच्या मागे भिंतीवर मोठं घड्याळ होतं, पाचाला दहा मिनिटं कमी. अजून धावत गेला असता तर कचेरी उघडी सापडली असती. तो धावला नाही. चेंडू दोनदा आपटला. वर बघायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. ती बघत होती. त्याने टाकला. चेंडू कड्याच्या मागच्या बाजूला आपटला, उंच उडाला, आणि खाली येऊन रिकाम्या लाकडावर मोठमोठ्याने उसळत भिंतीपर्यंत गेला. आवाज थांबेपर्यंत दोघंही थांबली.

"चुकला," तो वर बघून म्हणाला. जन्मात पहिल्यांदा.

"दिसलं मला," अर्लीन म्हणाली. "दुसरा टाक."